सरळ नाड्या

कमांडरला बसा असं कोणी म्हटलं नाही, तेव्हा दारालगतच्या स्टुलावर तो आपणच बसला. स्टूल बुटकं, माणूस आडदांड. गुडघे पार छातीला लागले. एरवी कुणाला तरी हसू आलं असतं.

समोर खाटेवर नर्स पाय पोटाशी घेऊन बसली होती. पळवून नेलेली ही बाई कालच परत आली होती. आली म्हणजे, लष्करी छावणीच्या फाटकासमोर कोणीतरी तिला गाडीतून ढकलून पसार झालं होतं. नेणाऱ्यांच्या अंगावर सैन्याची वर्दी होती, हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. संध्याकाळी नगरसभा भरणार होती आणि ठराव तयारच होता: सैन्यानं नदीवरच्या पुलाचा पहारा सोडून चालतं व्हावं. पूल सुटला की पलीकडच्या टोळ्यांना रान मोकळं, हे काय लोकांना कळत नव्हतं? पण राग डोक्यात गेला की कळलेलं कामाला येत नाही.

नर्स खिडकीकडे बघत होती. कमांडरच्या वर्दीचा हिरवा कपडा नजरेला पडू नये म्हणून.

"काय ते लवकर बोला," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. तो बेकरीवाला, कोपरापर्यंत पीठ लागलेले हात त्याने छातीवर घट्ट बांधले होते. "माफीबिफी मागायला आला असाल, तर उगाच तोंड शिणवू नका."

"माफी मागायला नाही आलो. माणूस माझा निघाला, तर मी स्वतः त्याला बांधून तुमच्या दारात आणीन. पण माझा आहे का, ते तरी कळू दे." कमांडर नर्सकडे वळला. "सिस्टर, तुम्हाला काय दिसलं?"

"डोक्यावरून पोतं घातलं होतं. खाली जरा फट होती." ती खिडकीलाच सांगत होती. "गाडीत आडवं टाकलेलं. दिसले ते बूट. तुमच्याच लोकांचे असतात तसले."

"आणि?"

"आणि काय, साहेब? बूट म्हणजे बूट!" भाऊ उसळला.

नर्स मात्र आठवत होती. तिने बोटाने चादरीवर एक फुली काढली. तिच्या वर दुसरी, मग तिसरी. "नाड्या. अशा, फुल्याफुल्यांच्या. अगदी नाकाशी होत्या."

कमांडरने एवढा मोठा श्वास सोडला की स्टूल करकरलं. मग तो वाकला आणि भर खोलीत उजव्या पायातला बूट सोडू लागला.

"हे काय चाललंय?"

"आमच्याकडे नाडी सरळ ओवतात. आडवी, शिडीच्या पायऱ्यांसारखी. भरती झाल्यावर पहिलं हेच शिकवतो, बंदूक नंतर. पाय जखमी होऊन सुजला की बूट ओढून काढता येत नाही. मग मधोमध कात्री चालवायची. पायऱ्या पटापट तुटतात, बूट उघडतो. फुल्या असल्या की कात्री अडते."

"कात्री मी चालवलीय," नर्स हळूच म्हणाली. "सुरुंगावर पाय पडलेला तो जवान आणला होता ना, त्याच्या बुटाला. सरळच होत्या. एका दमात तुटल्या."

भाऊ सहज ऐकणाऱ्यातला नव्हता. "ताई, नाड्या काय, रातोरात बदलतील हे लोक!"

"बदलता येतात," कमांडर म्हणाला आणि त्याने बूट पुढे केला. "म्हणून नाडी बघू नका. जीभ बघा."

नाडीखालच्या कातड्याच्या जिभेवर भावाने बोट फिरवलं. वर्षानुवर्षं दाबून पडलेल्या वळांमध्ये त्याच्या हाताचं पीठ बसलं आणि आडव्या रेघा पांढऱ्या उमटल्या, एकीखाली एक. फुलीचा मागमूस नव्हता.

"पलीकडच्या टोळ्यांचं काम. कपडे आमचे मिळवले, बूट आमचे मिळवले. नाडी ओवताना मात्र हात सवयीनंच गेला," कमांडर म्हणाला. "आता छावणीत जा. मी इथून हलत नाही, कुणाला फोनही करत नाही. फाटकावर अडवलं तर माझा बूट दाखवा. वाटेल त्याला बूट काढायला लावा."

भावाने बूट नाकापासून लांब धरला आणि खरोखरच निघाला. कमांडर एकाच पायात बूट घेऊन बसून राहिला. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला होता. तो त्याने स्टुलाखाली दडवायचा प्रयत्न केला. नर्सने ते पाहिलं. तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही.

भाऊ परत आला तो धापा टाकत. बूट त्याने दोन्ही हातांनी कमांडरसमोर ठेवला.

"बघितले. फाटकावरच्या जवानापासून आचाऱ्यापर्यंत."

"आचाऱ्याचेसुद्धा?" नर्सने विचारलं.

"आचाऱ्याचेसुद्धा. सगळीकडे शिडीच. चुकलं माझं, साहेब. सभेत मीच उभा राहून सांगतो."

"तू नाही. पळवून मला नेलं होतं. मी सांगणार."

ती उठली, चपला पायात सरकवल्या, दाराशी आली. कमांडर बूट घालून उभा राहिला, तशी ती वर्दी एकदम तिच्या खांद्याला लागून आली. ती दचकून चौकटीला चिकटली. कमांडरच्या ते ध्यानात आलं. त्याने घाईघाईने वरची गुंडी सोडली.

"मी हे काढून ठेवतो, सिस्टर. तुमच्या भावाचा एखादा सदरा द्या."

"नको," ती म्हणाली. "लावा ती गुंडी. या वर्दीच्या शेजारूनच चालताना लोकांना मी दिसायला हवी."

आणि पायरी उतरून, तो बरोबरीला येईपर्यंत ती रस्त्यात थांबली.