सत्काराची शाल

“आंटीजी, फॉरमॅट करना पड़ेगा, सब उड़ जाएगा,” कॉम्प्युटरचा दुकानदार फोनवर म्हणाला. आप्पांची, माझ्या वडिलांची, कीर्तनं फक्त याच कॉम्प्युटरमध्ये उरली होती. पूर्वरंग नीट चाले, पण आख्यान रंगात आलं की स्क्रीन गोठायची, आप्पांचा उचललेला हात हवेतच राहायचा. सीपीयूला हात लावताच सून अश्लेषा दचकली. “आई, हा तव्यासारखा तापलाय! याच्यावर शाल कुणी पांघरली?” “मीच. जयपूरची धूळ शिरते. आप्पांच्याच सत्काराची आहे. आत तेच आहेत ना!” “मग त्यांना श्वास तरी घेऊ द्या!” तिनं शाल काढली, सीपीयूतला पंखा पुसला, थोड्या वेळानं कॉम्प्युटर लावला. शाल पांघरून मी नामस्मरण करत बसले. आख्यान रंगात आलं. आप्पांचा हात वर गेला आणि, पांडुरंगा, खालीही आला! टाळी वाजली. मीही वाजवली.