घरची बातमी

पाद्रीसाहेबांनी सांगितलं तेव्हा एनिड घेवड्याच्या शिरा काढत होती. लंडनवर बॉम्ब पडले. तिची आई ज्या तळघरात लपली होती, तेच कोसळलं. एनिडने पुढची शेंग उचलली.

"तिला आता कुणीच नाही," पाद्रीसाहेब प्रोबर्टबाईंना म्हणाले. "शुक्रवारी अनाथाश्रमातून माणूस येईल."

"ऐकलं. टोपी विसराल."

ते गेले. एनिडला रडू येईना. उगीच स्टेशन आठवत राहिलं. युद्ध सुरू झालं तेव्हा शहरातली मुलं खेड्यांत पाठवत होते. आईने तिला शाळेच्या रांगेतून ओढून भलत्याच गाडीत बसवलं होतं. का, ते सांगितलं नाही. इथे उतरल्यावर गावकऱ्यांनी एकेक मूल निवडून नेलं. प्रोबर्टबाई सगळ्यांत शेवटी आल्या, तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चल." वर्षभरात त्यांनी तिला कधी जवळ घेतलं नाही, की कधी उपाशी ठेवलं नाही.

बाईंनी खुंटीवरची घराची किल्ली घेतली. पेटाऱ्यातून काळी फीत काढली आणि परसातल्या मधपेट्यांकडे निघाल्या. हातातल्या भांड्यासकट एनिड मागोमाग गेली.

घरचं माणूस गेलं की मधमाश्यांना सांगायचं, ही इथली रीत. नाही सांगितलं तर त्या रुसून निघून जातात. पण वसंतात म्हातारा गडी एमोस गेला, उभा जन्म याच घरात जेवलेला, तेव्हा बाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"एमोसचं नाही सांगणार?" एनिडने विचारलं होतं.

"भला होता बिचारा. पण माश्यांना रक्ताचंच सांगायचं, पोरी. परक्याचं सांगितलं तरी त्या जातात."

ते आठवून एनिड आत्ता म्हणाली, "बाई, नका सांगू. तुमच्या माश्या जातील."

बाईंनी वळून पाहिलं नाही. पहिल्या पेटीला काळी फीत बांधली. किल्लीने हलकेच टकटक केलं आणि वाकून, रोजच्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या,

"आपली विनी गेली. जिला मी हा उंबरा बंद केला होता, ती."

मग किल्ली एनिडपुढे धरली.

"दुसऱ्या पेटीला तू सांग. लेकीचं मी सांगितलं. आईचं तू सांग."