दुसरी मोजणी

पडद्यावर उत्तर आलं आणि अंकितानं ते पुन्हा एकदा वाचलं. संख्या भागली जात होती. कासुर्डी गावातल्या पत्र्याच्या खोलीत संगणक एकोणपन्नास दिवस अखंड चालला होता, तो या एका ओळीसाठी.

दोनाला दोनानं कोट्यवधी वेळा गुणत जायचं, शेवटी एक वजा करायचा. उरलेली संख्या एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भागली गेली नाही, म्हणजे मूळ संख्या निघाली, तर सोनं. जगभर लोक शोधतायत, पण अशा संख्या आजवर पन्नास-बावन्नच हाती लागल्यात.

मल्हारीआबांना, आपल्या आजोबांना, तिनं ते मेंढरांच्या हिशोबानं सांगितलं होतं. कितीही भाऊ येऊ देत, सारखी वाटणी होणार नाही असा कळप. आबांनी डोक्यावरचं पागोटंच काढलं.

"म्हंजी बिरदेवाचाच कळप म्हण की! देवाचा कळप कोण वाटून घेतोय?"

त्या दिवसापासून आबा राखणीला बसले. हायवेची धूळ बसू नये म्हणून दुपारी संगणकावर घोंगडी टाकायचे. अंकिता ती काढायची तेव्हा मशीनला हात लावला की चटका बसायचा. म्हाताऱ्याच्या मायेला काय बोलणार?

आता आबा दारात उभे होते. "घावली का गं?"

"घावली, आबा." ती बोलून गेली.

आबांचे डोळे भरून आले. त्यांनी मशीनला भंडारा लावला, हात जोडले. मग म्हणाले, "आता दुसऱ्याकडनं मोजून घे. एकानं मोजलेली मेंढरं मोजलीच न्हाईत."

झाली पंचाईत! तिनं संख्या शिरूरला पृथ्वीराजकडं पाठवली. कॉलेजातला मित्र, मशीन तिच्याहून दांडगं. आपलं उत्तर मात्र तिनं त्याला कळवलं नाही. इकडं आबांनी यवतच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून बातमी सांगितली.

विसाव्या दिवशी पृथ्वीराजचा फोन आला. "निघालोय. समोरच सांगतो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ती आबांपुढं बसली. "आबा, मी खोटं बोलले. ती भागली जाती. तुमचं तोंड बघून खरं सांगवंना."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "पोरी, आता यवतला कुठल्या तोंडानं जाऊ मी?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर मोटरसायकल थांबली. पृथ्वीराज आत आला, पण बसला नाही. हातातला कागद त्यानं तिच्यापुढं धरला.

"तुझं काय आलं ठाऊक न्हाई, अंकिता. मी दोन मशीनवर केलं, दोन्हीकडं एकच आलं. ती कशानंच भागली जात न्हाई."

अंकिताची नजर आबांच्या घोंगडीकडं गेली; तिच्याखाली तापून मशीनच मोजणीत चुकलं होतं.