गाडी बघायला आलेल्या बाई

"चालू करून ठेवली होतीस का?" बाईंनी विचारलं आणि हातमोजा काढून तळवा थेट इंजिनाला लावला.

"नाही हो. थंडच ठेव म्हणाला होतात ना."

"म्हणते सगळ्यांनाच. ऐकत कुणी नाही. तापलेलं इंजिन पाहुण्यासमोर शहाण्यासारखं वागतं. त्याचे खरे गुण थंड असताना कळतात."

इंजिन थंड होतं. बाईंनी मान हलवली. पन्नाशीच्या होत्या, केस आखूड, पँट गुडघ्यांवर झिजलेली. ड्रायव्हिंग शिकवते आणि जाहिरातीतली गाडी बघायचीय, एवढंच फोनवर बोलल्या होत्या. दोन मिनिटं बघतील आणि नवऱ्याला फोन लावतील, असं गाडी विकणाऱ्या धाकट्याला वाटलं होतं. बाई सरळ फरशीवर उताण्या झोपल्या आणि टॉर्च लावून गाडीचं पोट बघू लागल्या.

मधल्या बांध्याची रोडस्टर मोटरसायकल. पुढे काच नाही, अंगावर झाकण नाही, सगळी हाडं उघडी. अशा गाडीत लपवायला जागा कमी.

आणि धाकट्याला ती आज घालवायचीच होती. थोरल्या भावानं कुठल्या कुठल्या ओळखी काढून ती ठाण्यातून सोडवून आणली, तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ताडपत्री पांघरून उभी होती. आईनं ती खिडकी उघडणं सोडलं होतं. धाकट्याला झोप नव्हती. "मिळेल त्या भावात दे," थोरल्यानं बजावलं होतं, "पण ही पीडा दारातून जाऊ दे."

सांगाडा.

बाईंनी खिशातून सुतळी काढली. एक टोक धाकट्याच्या हातात दिलं, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि एक डोळा मिटून बघितलं.

"सरळ आहे."

चेन.

"तेल घालत होतास. बरं वाटलं."

ब्रेक.

"तो शेवटी," बाई म्हणाल्या आणि हँडलकडे वळल्या. उजव्या टोकावरून बोट फिरवलं. "हे खरवडलंय."

"उभी असताना कलंडली. स्टँड नीट लागलं नव्हतं."

"स्टँड बिचारं! जगातल्या सगळ्या गाड्यांची पापं त्याच्याच डोक्यावर." बाई हसल्या नाहीत. "स्टँड डावीकडे असतं, बाळा. गाडी उजवीकडे पडलीय."

धाकटा ते टोक बाहीनं पुसू लागला.

आई पाण्याचा पेला घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. गाडीच्या जवळ ती जात नसे. "ब्रेकचं सांगितलंस का रे यांना?"

"आई, तू आत जा."

"आत काय जा? चौकात ब्रेक लागला नाही, खांदा मोडून घरी आला हा. दुधानं तोंड पोळलंय बाई, मी आता ताकसुद्धा फुंकून पिते."

"तुला गाडीतलं काय कळतं?" धाकट्याचा आवाज चढला. आईनं पेला पायरीवर ठेवला.

बाईंनी तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग हेल्मेट चढवलं. "चालवून बघते."

"जाऊ देऊ नकोस रे त्यांना," आई पुटपुटली. "कुणाच्या तरी घरचं माणूस आहे ते."

धाकट्यानं किल्ली दिली.

रस्ता रिकामा होता. गाडी टोकाला गेली, वळली आणि सुसाट परत येऊ लागली. दारासमोर येईतो वेग कमी होईना. आईनं डोळे गच्च मिटले. धाकटा मात्र खांबाला टेकून उभा होता, कुणीतरी गिरणीत दळण संपायची वाट बघावी तसा.

टायर करकचला. गाडी जागच्या जागी थांबली.

पुन्हा एकदा. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही.

बाई उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं ते बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

"ब्रेकचे पॅड कधी बदललेस?"

"नाही बदलले."

"ऑइल? वरचा पंप? नळी?"

"काहीच नाही. शोरूममधून आली तशीच आहे." धाकट्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच जोर आला. तो खाली वाकला आणि स्वतःच बोटानं दाखवू लागला. "हे नट बघा. रंगही उडालेला नाही. एकदा जरी पाना लागला असता ना, तरी कडा झिजल्या असत्या."

"चौकातल्या त्या प्रकारानंतरसुद्धा उघडला नाहीस?"

"कशाला उघडू? एकदम चोख आहे. आताच तीनदा बघितलंत की."

"मग आई म्हणतात ते?"

धाकट्यानं दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "घरी काहीतरी सांगावं लागतं हो. आईच ती. तुम्ही मनात आणू नका. या ब्रेकनं मला एकदाही दगा दिलेला नाही. शपथेवर सांगतो."

बाई त्या चाकापाशी बसल्या. नटांवर टॉर्च धरून फोनवर एकेका नटाचा फोटो काढला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"घेते."

"आज?"

"आत्ताच. तू म्हणशील त्या भावात."

धाकट्यानं डोळे मिटून श्वास सोडला. सुटलो. "एवढं खरवडलेलं घासून देतो ना. चेनही पुसतो."

"नको, आहे तशीच राहू दे, एक स्क्रूसुद्धा हलवू नकोस," बाईंनी किल्ली मुठीत धरली. "ब्रेक लागला नाही असं पोलिसांनाही सांगितलंस ना? कोर्टात ती अशीच उभी करायची आहे. त्या संध्याकाळी चौकात तू ज्याला उडवलंस, तो माझा मुलगा होता."