चारशे तेरावी ओळ

“आजी, तुमचं मत झालंय,” म्हस्कू म्हणाला. तो एका उमेदवाराचा एजंट होता आणि मतदारयादीची आपली प्रत मांडीवर उघडून बसला होता.

“कवा झालं? मी आत्ता एष्टीतनं उतरले.”

“सकाळी नवालाच. चारशे तेरा, ताईबाई म्हाळू. मॅडमनी नंबर पुकारला, आन् मी टिक केली. इसरलात, का पपईचा चीक लावून शाई घालवली?”

एजंटांच्या बाकावर हशा पिकला. ताईबाईंनी डाव्या हाताचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं. “बघ. नीट बघ. हाय का शाई? सत्तर वर्सं झाली मला. आता मताची चोरी करू व्हय रं?”

बोट कोरं होतं.

पहिल्या टेबलावर बसलेल्या करुणाने मतदारयादी जवळ ओढली. चारशे तेराखाली मत दिल्याची रेघ होती. सरळ, एकसारखी. बाकीचे मतदान अधिकारी हातानेच रेघ मारत. करुणा पट्टी लावून मारायची. तिने एक ओळ वर पाहिलं. चारशे बारा, ताईबाई खंडू. तिथे रेघ नव्हती.

सकाळी नऊला हिरव्या लुगड्यातली एक बाई येऊन गेली होती. तिच्या हातातली चिठ्ठी करुणाला आता स्पष्ट आठवली. चारशे बारा. ‘ताईबाई’ असं पुटपुटत तिने पट्टी ठेवली होती आणि पट्टी एक ओळ खाली सरकली होती. मग पट्टीच्या वरचा नंबर तिने मोठ्याने वाचला होता. तिरकं पाहिलं की माप चुकतं, हे ती आठवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवायची.

केंद्राध्यक्ष जगदाळे सर उठून आले. दोन्ही एजंट उभे राहिले.

“मॅडम, खूण तुमची आहे,” सर म्हणाले. “चिठ्ठीवरचा नंबर बघूनच केली ना?”

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सरांनी दोन्ही ओळी दुरुस्त केल्या असत्या, सही केली असती, आजींना पेटीत टाकायच्या नेहमीच्या मतपत्रिका दिल्या असत्या, डायरीत तिच्या नावानिशी नोंद केली असती. ती नोंद तहसीलमार्गे शाळेत गेली असती. दौंडच्या त्या शाळेत करुणा अजून कायम झाली नव्हती. जूनमध्ये संस्थेने एकाला किरकोळ कारणावरून घरी बसवलं होतं.

“हो, सर,” करुणा म्हणाली.

“म्हणजे कुणीतरी यांच्या नावावर टाकून गेलं.” सरांनी पिशवीतून निराळ्या मतपत्रिका काढल्या. पांढरी लोकसभेची, गुलाबी विधानसभेची; त्या वर्षी सप्टेंबरात दोन्ही निवडणुका एकदम होत्या. मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहिलेलं. आपल्या नावावर आधीच मत पडलेलं आढळलं, तर मतदाराला ही देतात. ती पेटीत जात नाही. पाकिटात जाते, आणि कोर्टाने सांगितल्याशिवाय ते पाकीट कुणी उघडत नाही. मोजणीत ती धरतच नाहीत. प्रशिक्षणात करुणाने हे वहीत उतरवून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून.

ताईबाईंनी अंगठा उठवला. शाई लावून घेतली. मग टेबलापाशी थांबून त्या आपणहून बोलू लागल्या.

“लेकीकडं असते मी, शिरूरला. पहाटेच निघाले. चौफुल्याला दोन तास गाडी न्हाई. लेक म्हणली, म्हातारे, एका मतानं काय व्हतंय? म्या म्हणलं, दिल्लीत एका मतानंच सरकार पडलं न्हवं? म्हणून तर परत ही निवडणूक!”

एप्रिलमध्ये करुणाने हेच फळ्यावर लिहिलं होतं. बाजूने दोनशे एकोणसत्तर, विरोधात दोनशे सत्तर. मुलांना तिने लोकसभाही समजावली होती. पाचशे त्रेचाळीस जागा, प्रत्येक जागेमागे लाखो मतदार, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मत सारख्याच वजनाचं. तिचे वडील कुरकुंभच्या कंपनीत रात्रपाळी करून मतदानाला जायचे, ते पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून. लाखांत एक, तिने मनात भागाकार केला. नगण्य चूक. पण ती चूक पडद्याआड उभी राहून जपून शिक्का मारत होती.

ताईबाई बाहेर आल्या. सरांनी त्यांच्या घडी केलेल्या मतपत्रिका घेऊन पाकिटांत घातल्या.

“पेटीत न्हाई टाकायचं?”

“तुमचं पाकिटात, आजी,” सर म्हणाले.

ताईबाईंचा चेहरा उजळला. करुणाने पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी पेट्या सील झाल्या. कर्मचाऱ्यांची एसटी दौंडकडे निघाली आणि पाटसच्या फाट्यावर चाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे अडकली. सरांनी पाकिटांची पिशवी करुणाच्या मांडीवर ठेवली होती. फाट्यावर पाचसहा बाया गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यातली एक धावत खिडकीखाली आली.

“बाई! माझं पाकीट नीट हाय न्हवं?”

करुणाने पिशवी घट्ट धरली. सर दोन बाकं पुढे बसले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“हो, आजी.”

एसटी हलली. ताईबाई मागे वळल्या आणि बायांना मोठ्याने सांगू लागल्या, “समद्यांची मतं पेटीत कोंबली, माझं एकलीचं पाकिटात घालून दिल्लीला चाललंय. त्या मुडद्यांनी मला चोर म्हणलं, पर ही पोरगी गप ऱ्हायली, एका शब्दानं मला बोलली न्हाई. हिच्यामुळं ऱ्हायलं माझं मत!”