सरपंचबाईंची सही

"दिल्लीतलं हे कॉलेज सगळ्यात स्वस्त, पण वसतिगृह नाही. या दुसऱ्याला वसतिगृह आहे, पण खर्च दुप्पट." सुकन्याने तक्ता अण्णांपुढे सरकवला.

"राज्यशास्त्र शिकायला एवढ्या लांब कशाला?" अण्णा म्हणाले. "गावचा कारभार न शिकताच चाललाय की!"

गावची सरपंच आई होती. पण खुर्चीत अण्णा बसायचे. आई घरी आलेल्या कागदांवर सह्या करायची. तिचं मानधनही अण्णाच काढून आणायचे.

मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "काय शिकवतात गं त्यात?"

"निवडून आलेल्याचे अधिकार."

आईने पदराला हात पुसले आणि वसतिगृहाच्या कॉलेजावर बोट ठेवलं. "हेच घे. जेवणाचं माझ्या मानधनातून बघते."

मग ती अण्णांकडे वळली. "अहो, सोमवारच्या सभेचे कागद घरी आणू नका. मी खुर्चीत बसून वाचेन, मग सही करेन."