दुकानाचा शिक्का

हेही कुलूप उघडलं होतं. कपाटाचं दार सताड उघडं, आतला फोन गायब, आणि कुलूप मात्र पुन्हा नीट बंद करून फळीवर ठेवलेलं. भर सकाळी लेक डोक्यावरून पांघरूण ओढून फोनवर खेळत होती. कुलूपवाल्याने कपाळावर हात मारला. बाजारात त्याचा दबदबा होता. त्याचं कुलूप किल्लीशिवाय कुणी उघडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरात मात्र पोटची पोर एकामागून एक कुलपं फस्त करत होती.

तिचं कॉलेज सुटलं होतं. जेवणाखाणाची, झोपेची शुद्ध नव्हती. फोन काढून घेतला की ती आधी भांडायची, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ही पोर हातची जाते की काय, या भीतीने बापाच्या घशाखाली घास उतरत नसे. पण त्याला एकच इलाज ठाऊक होता. तो कुलपात आणखी एक लिव्हर वाढवायचा. ती आजारी आहे, चोर नाही, हे सांगून सांगून बायको थकली. शेवटी तीच दोघांना समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी फोन किती वेळ, कशाला, असलं काही विचारलं नाही. त्या खेळात तुला काय मिळतं, एवढंच विचारलं.

"तिथे मला जमतं," मुलगी म्हणाली. "बाकी कुठेच काही जमत नाही."

बाप चपापला. पिशवीत ते उघडलेलं कुलूप होतं. मुलीचा अपराध बाईंना दाखवायला म्हणून त्याने मुद्दाम बरोबर आणलं होतं. आता त्याने ते बाहेर काढलं आणि सवयीने डोळ्याला भिंग लावलं. किल्लीच्या भोकाभोवती साधा ओरखडा नव्हता. कशाने उघडलंस, त्याने विचारलं. केसांच्या पिनेने, ती पुटपुटली.

"माझ्या हातून एक तरी ओरखडा पडला असता," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याची छाती फुगली आणि त्याला ती लपवता आली नाही. मुलीने कितीतरी दिवसांनी मान वर करून बापाकडे पाहिलं.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. बाईंकडे खेपा चालू राहिल्या. झोपेची वेळ ठरली, संध्याकाळी तासभर फोन ठरला, आणि दिवसा लेक दुकानात बापाच्या हाताखाली काम शिकू लागली. एकदा तिने कानस भिरकावली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. बापाने या वेळी कुलपाला हात लावला नाही. तो दाराबाहेर बसून राहिला आणि तुझं काम अर्धवट पडलंय, मला ते पुरं करता येणार नाही, एवढंच अधूनमधून सांगत राहिला. ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आली.

मग तिने स्वतःचं कुलूप घडवलं. पत्र्याच्या एका डबीत फोन ठेवून ते तिला लावलं. डबी सकाळी तिच्याबरोबर दुकानात यायची, संध्याकाळी घरी जायची.

दुकानाचा रिवाज जुना होता. नवं कुलूप महिनाभर वापरायचं, मग दुसऱ्या कारागिराने ते हत्यारांनी उघडून पाहायचं. त्याने हात टेकले, तरच कुलपावर दुकानाचा शिक्का. महिना भरला तेव्हा बापाने बाह्या सरसावल्या. पोरीचं कुलूप म्हणून त्याने जराही हयगय केली नाही. तारा झाल्या, आकडे झाले, चहा निवून त्यावर साय धरली. समोरचा घड्याळवाला दोनदा डोकावून मिशीत हसून गेला. अखेर बापाने हत्यारं खाली ठेवली आणि पायरीवर येऊन गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "हरलो. माझ्या लेकीने मला हरवलं." एवढा आनंद त्याला कुठलं कुलूप उघडल्यावरही झाला नव्हता.

त्याने शिक्का आणि हातोडी काढली. शिक्का मारण्याआधी कुलूप एकदा किल्लीने फिरवून पाहायचं असतं. संध्याकाळचा फोन ती आईसमोर बसूनच बघायची, तेव्हा किल्ली आईकडे असणार, हे तो पहिल्यापासून धरून चालला होता.

"जा, आईकडून किल्ली घेऊन ये," तो म्हणाला.

लेकीने खिशात हात घातला आणि किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

"आईकडे कशाला असेल, बाबा? ती महिनाभर माझ्याच खिशात आहे."